श्वास घेणारं यंत्र

नागपूरजवळ, मौद्याच्या रस्त्यावर, मार्तंड महाराजांच्या मठाबाहेर, ऑक्टोबरच्या भर दुपारी गाड्यांची रांग लागली होती. बाहेर अंगाला कपडे चिकटत होते, घाम वाळायचं नाव घेत नव्हता. आणि आत? पंखा नाही, कूलर नाही, तरी शंभरेक माणसं निवांत बसलेली. समोरच्या भिंतीवर परातीएवढं तांब्याचं यंत्र, त्याभोवती पितळी जाळी. महाराजांनी जाळीपुढे रेशमी गोंडा धरला की तो आपोआप आत ओढला जाई.

"पाहा! यंत्र श्वास घेऊन राहिलं!" महाराज गरजले. "तुमच्या घराचा सारा ताप हे पिऊन टाकते. घर म्हणजे देह आहे, भाविकहो, अन् खिडकी म्हणजे जखम! नैऋत्येची जखम उघडी ठेवाल तर लक्ष्मीचं रक्त वाहून जाईल. जखम बुजवा, यंत्र लावा!"

लोकांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी नागपुरात दवाखाना चालवणारी साधी डॉक्टर. अशा ठिकाणी मी सहसा जात नाही. त्या दिवशी गेले ती मुग्धासाठी. मुग्धा आर्किटेक्ट आहे, पुण्यात नोकरी करते. तिची आई देवकी माझी पेशंट होती. सप्टेंबरात ती दम्याने गेली. मुग्धाचे वडील विश्वनाथ पहिल्या रांगेत कपाळभर गंध लावून बसले होते. लेकीनेही यंत्र घ्यावं म्हणून त्यांनीच तिला आणलं होतं, आणि तिने मला सोबत बोलावलं होतं.

त्यांचं घर मुग्धानेच आखलेलं. "मे महिन्यात आपली हवा कोरडी, तेव्हा कूलर कामाचा," ती मला सांगायची. "पावसाळ्यात हवेतच पाणी असतं. तेव्हा कूलर लावला तर घर आणखी ओलं होतं. तेव्हा अंगावरून वारा वाहायला हवा." म्हणून तिने पावसाळी वारा येतो त्या नैऋत्येला मोठी खिडकी ठेवली, वर रुंद छज्जा काढला, आणि गरम हवा निघून जायला समोरच्या भिंतीत छताखाली झरोके दिले.

मुग्धा पुण्याला गेली आणि महाराजांची पायधूळ घराला लागली. विश्वनाथरावांनी खिडकी विटांनी बुजवली, झरोकेही लिंपले. जुलैत भिंती पाझरायला लागल्या. कपाटामागे काळी बुरशी धरली, तेव्हा त्यांनी यंत्रही आणून टांगलं. दमा देवकीला आधीपासून होता. आता तिला रात्र रात्र बसून काढावी लागे.

मी घरी गेले तेव्हा स्पष्ट सांगितलं, "विश्वनाथजी, ती भिंत फोडा. औषध एकटं पुरणार नाही."

"मॅडम, तुमची दवाई चालू ठेवा," ते म्हणाले. "खिडकीचं मात्र महाराजांनी सांगतलं हाये. घरात छाया हाये, ते भिंतीतून रडून राहिली."

"मले व्हरांड्यात तरी झोपू द्या," देवकी म्हणाली. तिने खरोखरच हात जोडले होते. पण उंबरठा ओलांडायची महाराजांची मनाई होती. पुढच्या झटक्यात तिला दवाखान्यात न्यायलाही उशीर झाला.

नंतर महाराज म्हणाले, "यंत्र उशिरा लागलं." विश्वनाथरावांनी तेही मानलं.

मठात मुग्धा यंत्राकडे पाहतच नव्हती. ती मान वळवून मागची भिंत पाहत होती. तिथे जमिनीलगत लाकडी झडपांची ओळ होती आणि झडपांपलीकडे कडुलिंबांची दाट सावली. ती उठून उभी राहिली.

"महाराज, दर्शन दुपारीच का असतं?"

"सूर्य तापतो तेव्हाच यंत्राची परीक्षा होते, मुली."

"मग आज घेऊ परीक्षा. मागच्या झडपा आणि दार लावा, अन् गोंडा धरा."

दोन सेवक तिच्याकडे सरकले. "संशयी दृष्टी पडली की यंत्र रुसते!" महाराज कडाडले.

"मी रस्त्यावर जाऊन उभी राहते. झडपा माझे बाबा लावतील. त्यांच्या भक्तीबद्दल तर तुम्हाला शंका नाही ना?"

विश्वनाथराव उठले. महाराजांची कीर्तीच होणार, या खात्रीने उठले. मुग्धा बाहेर गेली. त्यांनी दार लावलं, एकेक झडप ओढली. महाराजांनी धरलेला गोंडा थरथरला आणि सरळ खाली लोंबकळला. थोड्याच वेळात लोक पदराने वारा घेऊ लागले. मागून कोणी ओरडलं, "काहून कोंडलं गा आम्हाले? उघडा!"

झडपा उघडल्या. गोंडा पुन्हा आत ओढला गेला. विश्वनाथरावांनी न सांगता झडपा पुन्हा लावल्या, पुन्हा उघडल्या. तेच झालं.

मुग्धा आत आली. "या जाळीमागे पोकळ धुराडं आहे," ती म्हणाली. "छतावर, कळसाच्या मागे, त्याचा काळा रंग दिलेला उंच पत्रा बाहेरून दिसतो. ऊन लागलं की त्यातली हवा तापते, हलकी होऊन वर जाते आणि खोलीतली हवा जाळीतून ओढते. तिच्या जागी झाडाखालची गार हवा झडपांतून येते. तांब्याची ताटली काढून ठेवा, काही बिघडणार नाही. मठ बांधणाऱ्याने काम उत्तम केलंय."

विश्वनाथराव झडपेजवळच उभे होते. त्यांनी वाकून झडपेतून कडुलिंबांआडच्या कलत्या सूर्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे.

"महाराज, ह्या झडपा कोणत्या दिशेले हायेत?"

महाराज गोंडा गुंडाळू लागले.

"नैऋत्येलेच हायेत ना?" विश्वनाथराव म्हणाले. "तुम्ही हवा खाऊन राहिले, अन् मी माझ्या बायकोची खिडकी बुजवली. ते हात जोडत होती जी मले!"

कोणीतरी जाळीचा स्क्रू काढायला घेतला. सेवकांनी धक्काबुक्की केली, मग पोलीस आले. पण हेही लिहायला हवं की त्या गोंधळातही काही जण विकायला मांडलेली छोटी यंत्रं पदरात लपवून घेऊन गेले. असू द्यावं घरात, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विश्वनाथरावांनी ती भिंत फोडली, झरोकेही मोकळे केले. खोलीत वारा आला, ओल सुकली, बुरशी खरवडून निघाली. त्या खोलीत ते झोपत मात्र नाहीत. मुग्धा फोन करते. ते बोलतात कमी.

दमा, ताप, उकाडा यांना शाप समजू नका. भिंत ओली झाली तर पाणी कुठून येतं आणि हवा कुठे अडते ते शोधा. वाऱ्याला पूजा लागत नाही. आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. ती वाट बुजवायला कोणी सांगितलं, तर पाया पडण्याआधी त्याच्या घरी जा आणि त्याने स्वतःच्या खिडक्या कोणत्या दिशेला ठेवल्या आहेत ते पाहून या.