तेरा नंबरचा पाय

आप्पांनी पक्कड तेलाच्या फडक्याने पुसली, टेस्टर पुसला, पाने मापाप्रमाणे लावले, सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली सरकवली. माझ्या जन्मात मी ती पेटी पलंगाखाली पाहिली नव्हती. ती दुकानात असायची, नाहीतर मोटरसायकलला मागे बांधलेली. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, धूळ बसते. म्हटलं, बत्तीस वर्षं बसत नव्हती का? त्यावर ते उठून गोठ्याकडे गेले. आमच्या गोठ्यात चार वर्षांपासून गाय नाही. तरी गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.

भिला मिस्तरी म्हणजे माझे वडील. रनाळे आणि आजूबाजूच्या आठ-दहा गावांत कोणाची मोटर जळाली, पंप बसला, स्टार्टर चिकटला की आप्पांना फोन. मी त्यांची मुलगी जागृती. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, नाशिकच्या एका छोट्या कंपनीत लागले आणि आता घरूनच काम करते. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचं खोकं आमची कंपनी बनवते. त्या खोक्यातल्या चिपला शहाणं करायचं काम माझं, आणि आमच्या भागात ते बसवायचं काम आप्पांचं. एप्रिलमध्ये नव्या बोर्डाची अकरा खोकी आली, ती सगळी त्यांनीच बसवली. चहाच्या टपरीवर सांगत सुटायचे की आतलं पोरीचं, बाहेरचं बापाचं. मी म्हणायचे, आप्पा, पुरे आता. पण मनातून छान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि सोमवारी सुकलालभाऊंची मोटर आपोआप सुरू झाली.

सुकलालभाऊंची पपई आहे, गावापासून दोन किलोमीटरवर. दुपारी लाइट नव्हती. पंपातून पाणी गळत होतं, म्हणून ते दुरुस्त करायला बसले. बसण्याआधी त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं, खोक्याचा निरोप स्पष्ट होता, मोटर बंद. म्हणून त्यांनी फ्यूजही काढला नाही. आप्पा प्रत्येकाला बजावून सांगतात की आधी फ्यूज काढा, पण मोबाईल सांगतोय म्हटल्यावर कोण काढतो? लाइट आली आणि मोटर भर्रकन फिरली. खांद्यावरचा रुमाल मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या कपलिंगमध्ये ओढला गेला, त्याच्या चिंध्या झाल्या. हात मागे खेचला म्हणून वाचला, मनगटाची सालं तेवढी निघाली. मोबाईल तेव्हाही म्हणत होता, मोटर बंद.

कंपनीचे उमाकांत सर फोनवर चांगलं बोलले, नेहमीसारखंच. बोर्ड तपासून पाठवलेला आहे, म्हणाले, बहुतेक वायरिंगमध्ये गडबड झाली असेल, बसवणाऱ्याला विचारा. बसवणारा माझ्या शेजारीच बसला होता आणि फोन स्पीकरवर होता. मला वाटलं आप्पा आता भडकतील. बत्तीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या वस्तूने कोणाला साधा चटका बसला नाही, हे ते स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं सांगतात. पण फोन ठेवल्यावर ते हळूच म्हणाले, "बेटा, मन्हा डोया आते पहिलासारखा नई ऱ्हायनात. लाल वायर कोठे लायी, माले याद नई."

मला इतका राग आला की काय सांगू. उमाकांत सरांचा आलाच, पण आप्पांचा जास्त. माणसाने भांडावं ना? दुसऱ्याने बोट दाखवलं की लगेच मान खाली घालायची, ही कुठली रीत? मी तसं बोललेही, जरा जास्तच बोलले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही, आणि दुपारी ती पेटी पलंगाखाली गेली. आईने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं की वायर खरंच चुकली असेल का. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते शब्द तोंडातून निघाले आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मी सुकलालभाऊंच्या मळ्यात जाऊन वायर न् वायर पाहिली. एकही चुकलेली नव्हती. लाल जिथे हवी तिथेच होती, स्क्रू असा आवळलेला की मला सुटेना. खोकं काढून घरी आणलं, माझ्या खोलीत टेबलावर मांडलं, मोटरऐवजी बल्ब लावला. वीस वेळा लाइट घालवली, वीस वेळा आणली. बल्ब एकदाही पेटला नाही. उमाकांत सरांना सांगितलं तर ते म्हणाले, बघा, बोर्ड चांगलाच आहे. म्हणजे दोष परत आप्पांच्या हातात.

आप्पा दारात उभे राहून हे सगळं पाहत होते. माझ्या खोलीत कूलर चालू होता. ते आत आले, खोक्याला हात लावला आणि म्हणाले, इथे हे गार लागतंय, मळ्यात याला हात लावला तर फोड येईल. मग खाली बसून म्हणाले, "उनमां लावं मी ते. सावलीमां लावाले पाहिजे व्हतं. तीच मन्ही चूक."

बिचारे स्वतःचा गुन्हा शोधून देत होते मला. खरं तर त्यांनी ते खोकं पंपाच्या शेडबाहेर, मावळतीच्या भिंतीवर मुद्दाम बसवलं होतं, कारण सुकलालभाऊंच्या मळ्यात मोबाईलची रेंज फक्त त्याच भिंतीवर येते. पण ऊन हा शब्द माझ्या डोक्यात बसला. नाशिकला आमची सगळी तपासणी एसीत होते. माझी कूलरसमोर. मे महिन्यातलं रनाळ्याचं ऊन त्या बोर्डाने तपासणीत कधी पाहिलंच नव्हतं.

मी खोकं, बल्ब, लांब वायर सगळं घेऊन गच्चीवर गेले. आईने कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या सरकवल्या. आई खालून ओरडली, ते जाऊ दे. दोन वाजता खोकं मांडलं, तासभर तापू दिलं. तीन वाजता लाइट दिली. टक् असा आवाज आला आणि बल्ब पेटला. मोबाईलवर निरोप, मोटर बंद. परत केलं. टक्. दहापैकी नऊ वेळा टक्.

मला नाचावंसं वाटलं. आप्पांचा हात सुटला होता यातून, वायरचा काही संबंधच नव्हता. मग मी तिथेच कुरडयांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले, आणि दहा मिनिटांत उत्तर समोर होतं. चूक माझी होती.

चिपला पाय असतात, धातूचे, बारीक. आमच्या चिपला अठ्ठेचाळीस. एकाच पायाला तीन-चार कामं येतात, आणि कोणत्या पायाने कोणतं काम करायचं हे आपण एका फाइलमध्ये लिहून द्यायचं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. हा पाय सिमशी बोलेल, हा व्होल्टेज मोजेल, तेरा नंबरचा पाय रिले, म्हणजे विजेने चालणारी कळ, उचलेल. रिले उचलला की स्टार्टर लागतो. आणि आणखी एक गोष्ट लिहायची असते. लाइट आल्यावर प्रोग्रॅम जागा होऊन हुकूम देईपर्यंत जो अर्धा क्षण जातो, तेवढ्यात त्या पायाने वर टेकून राहायचं की खाली. वर म्हणजे पायावर वीज असलेली, पुल-अप; खाली म्हणजे नसलेली, पुल-डाउन.

जुन्या बोर्डावर पाय खाली गेला की रिले उचलायचा, म्हणून तो वर टेकवून ठेवलेला होता. नव्या बोर्डावर बरोबर उलटं, पाय वर गेला की रिले उचलतो. मी जुनी फाइल घेतली, पायाचा नंबर बदलला, काम बदललं, आणि पुल-अप तसाच ठेवला. तो टेकू तसा कमजोर असतो. थंडीत त्याच्याने रिले हलायचाही नाही. पण बोर्ड तापला की रिलेला थोडासा धक्काही पुरतो. आणि स्टार्टरचा स्वभाव असा की त्याला एकदा टिचकी मिळाली की तो मोटर धरूनच बसतो. प्रोग्रॅम जागा होऊन बंद म्हणेपर्यंत मोटर फिरत असते, आणि त्याने स्वतः हुकूम दिलेलाच नसतो, म्हणून मोबाईलवर मोटर बंदच दिसते. चार महिन्यांपूर्वी माझ्याकडून घाईत एक शब्द बदलायचा राहिला, आणि त्यावर एका माणसाचा हात लटकत होता.

मी पुल-अप खोडून पुल-डाउन लिहिलं, प्रोग्रॅम परत चिपमध्ये भरला. लाइट दिली. काही नाही. परत दिली. चाळीस वेळा दिली, खोकं हात लावता येणार नाही इतकं तापलेलं असताना, आणि बल्ब एकदाही पेटला नाही. मग मात्र मला रडू आलं. सुटल्यासारखं वाटून आलं, भीतीने आलं, कशाने आलं कोण जाणे, पण पोटभर आलं.

डोळे पुसून खाली गेले. आप्पा पलंगावर छताकडे बघत पडले होते. मी म्हटलं, "आप्पा, तुमनी चूक नई. मन्ही चूक शे."

त्यांना सगळं सांगितलं, पायाचं, टेकूचं, त्या एका शब्दाचं. ते उठून बसले. दोन्ही तळहात समोर धरून पाहिले, उलटे केले, परत पाहिले. चेहऱ्यावर असा काही सुटका झाल्याचा भाव आला की मला तिकडे बघवेना. मला वाटलं आता माझी हजेरी घेतील, आणि घ्यायलाच हवी होती. ते म्हणाले, "तू जेवनी का?"

मग आम्ही दोघं जेवलो, संध्याकाळी साडेचारला. आईने भाकरी मोजणं सोडून दिलं.

उमाकांत सरांना मी फोनच केला, मेलमध्ये लपले नाही. त्यांनी आधी विचारलं की माणूस नक्की ठीक आहे ना. मी हो म्हटल्यावर म्हणाले, आजच सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप जाईल की नवा प्रोग्रॅम भरेपर्यंत खोकी बंद ठेवा, आणि तुम्ही सोमवारी नाशिकला या, बोलू. काय बोलणार ते मी विचारलं नाही. शेवटी त्यांनी आप्पांना फोन द्यायला सांगितलं आणि माफी मागितली. आप्पा नुसतं हो हो करत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, साहेब चांगला माणूस दिसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुकलालभाऊंच्या मळ्यात गेलो. मी त्यांना हात जोडून सांगितलं की चूक माझी होती. ते चांगले, म्हणाले, होतं असं. पण त्यांची बायको रंजनाबाई हाताची घडी घालून शेडच्या दारात उभी होती. तिने स्पष्ट सांगितलं, "यास्ना हात वाचना, तेच बहू शे. ते खोकं आठे नको."

तिचं काय चुकलं? मी असते तर खोकं उचलून विहिरीत फेकलं असतं.

आप्पांनी वाद घातला नाही. फ्यूज काढून पंपाची अर्धवट राहिलेली दुरुस्ती त्यांनी आधी पुरी केली. मग खोकं त्याच भिंतीवर लावलं, तीन वाजेपर्यंत तापू दिलं, आणि मला दहा वेळा लाइट द्यायला लावली. मोटर हलली नाही. रंजनाबाईही हलली नाही. तेव्हा आप्पांनी फ्यूज परत काढला, ते पंपाशी उकिडवे बसले आणि उजवा हात कपलिंगवर ठेवला.

मी म्हटलं, आप्पा, हात काढा. ते म्हणाले, ज्या वस्तूवर माझा हात ठेवता येत नाही ती मी दुसऱ्याच्या मळ्यात ठेवू कशी? मी म्हटलं, मी फ्यूज लावणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लहानपणी माझी सायकल धरून चालायचे तेव्हा पाहायचे तसं.

"फ्यूज लाव, बेटा."

मी मनात तो शब्द परत वाचला. पुल-डाउन. फाइल डोळ्यांसमोर आणली, तेरा नंबरची ओळ परत वाचली. मग फ्यूज लावला. हिरवा दिवा लागला. पपईच्या पानांत कुठेतरी पक्षी ओरडत होता, बाकी काही नाही. आप्पांचा हात होता तिथेच होता. मी मनात तीसपर्यंत मोजलं, मग त्यांनी हात काढला.

रंजनाबाईने हाताची घडी सोडली. सुकलालभाऊंच्या हातातून मोबाईल घेतला आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "माले दखाडा."

मी तिला दाखवलं कुठे दाबायचं. आधी तिने सगळ्यांना पंपापासून लांब केलं, नवऱ्याला तर दंडाला धरून. मग अंगठा दाबला. रिले वाजला, मोटरने सूर धरला, पाइपात हवा खळखळली आणि पाणी दांडाच्या चरात पडलं. आप्पा दांडापाशी जाऊन हाताचं ग्रीस धुऊ लागले. ग्रीस केव्हाच निघालं होतं, तरी ते तो उजवा हात धूत राहिले, आमच्याकडे पाठ करून. मी सुकलालभाऊंना पपईचा भाव विचारला आणि आप्पा उठून वळेपर्यंत, तिकडे बघू न देता, त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं.