गॅलरीतलं बोलणं

चहाचा ट्रे घेऊन श्रुतिका बाहेर आली आणि धाकट्या बहिणीला, मानसीला बघायला आलेल्या मुलाला पाहून थबकली. देवदत्त! गेलं वर्षभर दर मंगळवारी मुलुंडच्या केंद्रात तो तिच्यासमोर बसत होता. श्रुतिका डॉक्टर नव्हती. मनाच्या आजारातून ती स्वतः उठली होती आणि आता त्याच वाटेवरच्या माणसांना सोबत करायची.

बाहेर कुणी भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हा केंद्राचा नियम. तिने कप पुढे केला.

“थँक्यू,” देवदत्त म्हणाला. त्यानेही ओळख दाखवली नाही.

मग तो आणि मानसी गॅलरीत जाऊन अर्धा तास बोलले. पाहुणे गेल्यावर आई स्वयंपाकघरात आली.

“मुलगा बरा वाटतो गो. तुला कसा वाटला?”

“चांगला आहे,” कप विसळत श्रुतिका म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी मार्चमध्ये तो तीन आठवडे खोलीबाहेर पडला नव्हता, हे या घरात तिला एकटीलाच माहीत होतं. विसळलेला कप तिने पुन्हा विसळला.

दुसऱ्या दिवशी कुणाचं नाव न घेता तिने केंद्रप्रमुख गंधालीताईंना सगळं सांगितलं.

“बहिणीला तू सांगायचं नाहीस. ते त्याचं आहे, त्याने ठरवायचं. आणि यापुढे त्याच्यासोबत दुसरं कुणीतरी बसेल.”

“उद्या बहिणीचं काही वाईट झालं तर?”

“तरीही,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी देवदत्त आला. यापुढे हर्षद तुमच्यासोबत असेल, असं तिने त्याला सांगितलं. तो कसनुसं हसला.

“मी मानसीला सांगितलं. त्याच दिवशी, गॅलरीत. तुमचं नाव नाही घेतलं.”

“काय म्हणाली ती?” विचारू नये ते श्रुतिका विचारून बसली.

“शांतपणे ऐकून घेतलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, विचारलं.”

श्रुतिकाच्या जिवात जीव आला. घाटकोपरला उतरून तिने मानसीला आवडते म्हणून खांडवी घेतली.

मानसी वाळलेले कपडे घेऊन पलंगावर बसली होती.

“ताई, मी नाही म्हणून कळवलंय त्यांना.”

“का?”

“पत्रिका जुळत नाही.”

“पत्रिका तर आधीच बघितली होती ना, मानसी?”

मानसी उशीचा अभ्रा मांडीवर दाबत राहिली.

“त्याने काही सांगितलंय मला. ते मी कुणालाच सांगणार नाही, तुलासुद्धा नाही.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “तुझ्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. आई कामावर जायची. तू गोळी जिभेखाली तर नाही ना लपवलीस, ते मी बघायचे. बाथरूमची कडी लावू द्यायचे नाही तुला. तो चांगला आहे गं. पण मला परत नाही जमणार.”

आजार असला म्हणून संसार थांबत नाही, हे श्रुतिका केंद्रात दर आठवड्याला कुणाला ना कुणाला पटवून द्यायची. त्यातलं एकही वाक्य आता तिच्या तोंडून फुटेना.

“राग आला तुला?”

“माहीत नाही.”

मानसीने चादर उचलली आणि दुसरं टोक तिच्यापुढे धरलं. श्रुतिकाने ते हातात घेतलं खरं, पण घडी कुठून घालायची तेच तिला सुचेना.