कॉर्नेटला बुक्का

कीर्तन म्हटलं की मी जेवणसुद्धा विसरतो. पण यंदा आरोंद्याच्या सप्त्यात कीर्तनच अडलं. कीर्तनकार अस्मिताताई उभ्या, तबला लागलेला, आणि निरोप आला की पेटीवाले हरिश्चंद्र तापाने फणफणलेत.

तेव्हा लग्नाच्या बँडमधला गुरुप्रसाद आपलं फुंकायचं पितळी कॉर्नेट घेऊन पुढे आला. पालखीपुढे वाजवायचं आणि कीर्तन सुरू झालं की बाहेर थांबायचं, हे त्याच्या वडिलांपासूनचं. एकदा तरी आत साथीला बसावं, ही त्याची मोठी आस.

"हयसर काय वरात काढूची आसा रे तुका?" अक्का कडाडली. सप्ता सगळा तिच्या शब्दावर चालतो.

"एकदा वाजवूक दी गो अक्का. नाय जमला तर परत मागूचंय नाय."

ताई म्हणाल्या, "माझी पट्टी काळी पाच. त्याच्या वाद्याचा सा तिथेच आहे. बसू दे."

गुरुप्रसादने सवयीने वरातीचा दम लावला. ताईंचा आवाज पार बुडाला.

"झाली वरात!" अक्का म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने समोरची नारळाची करवंटी उचलून वाद्याच्या पुढच्या कर्ण्यात अडकवली आणि हलकेच फुंकलं. सूर मऊ होऊन ताईंच्या मागोमाग चालू लागला. पिस्टनची कळ अर्धीच दाबून तो मींडही घ्यायला लागला, तशी मी मांडीवर थापच मारली!

पूर्वरंग संपला. साथीदारांना बुक्का लावताना अक्काने तबलजीला लावला, गुरुप्रसादला गाळलं. ताईंनी ते पाहिलं आणि उत्तररंगात त्या वाद्याचंच आख्यान लावलं.

"मंडळी, हे मूळचं टपालगाडीचं शिंग. नुसती नळी! सा, ग, प निघायचे. रे, म, ध, नीला वाटच नव्हती. मग दोनशे वर्षांमागे कारागिरांनी तिला वेढे जोडले, पिस्टन बसवले. वाऱ्याला वळसा पडला आणि अडलेले सूर सुटले. पलटणींतून, गोव्याच्या चर्चमधून, खाडी ओलांडून ते तुमच्या वरातीत आलं. एवढे फेरे घेऊन आज देवापुढे बसलंय. आणि श्वास? तो पहिल्यापासून त्या देवाचाच!"

विठ्ठलाचा गजर उसळला. टाळांच्या दणक्यात करवंटीतला सूर ऐकू येईना.

"काढ रे ती करवंटी!" ओरडणारी अक्काच होती. "फुंक आता!"

गुरुप्रसादने फुंकलं. सगळं देऊळ उभं राहिलं, नाचलं. माझे गुडघेही त्या घटकेला विसरले दुखायचं.

गजर थांबल्यावर अक्का वाटी घेऊन आली. बुक्का त्याच्या कपाळाला लावला, बोटाला उरलेला कॉर्नेटच्या पितळेवर टेकवला.

"उद्या भायर रवलस तर बघ."