विजेत्याची जबानी

इस्योंग लाबिताद जगज्जेता झाला तेव्हा त्याला उजव्या डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. ही गोष्ट साऱ्या जगात तिघांनाच ठाऊक होती: तो स्वतः, त्याची बायको मिंडा आणि त्याला घडवणारे नोंग बासिल्यो. जिममधली सगळी पोरं त्यांना नोंग म्हणत, थोरल्या भावाला म्हणतात तसं. इस्योंगला मात्र ते भावापेक्षा बापच वाटायचे. त्याचा बाप समुद्रात गेला तो परत आलाच नव्हता.

सोळाव्या वर्षी खोबरं वाळवणाऱ्या गावातून तो सेबू शहरात आला. बासिल्योंची जिम एका वेल्डिंगच्या दुकानामागं, पत्र्याखाली होती. तिथंच फळ्यांवर अठरा बॉक्सर झोपत. बासिल्यो तरुणपणी दोनदा जगज्जेतेपदासाठी लढले होते, दोन्ही वेळा परमुलखात, दोन्ही वेळा गुणांवर हरले. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. इस्योंगचा डावा हात बघितला त्या दिवशी त्यांनी ठरवलं की जे आपल्याला जमलं नाही ते हा करणार. मग बारा वर्षं त्यांनी त्याला घासला. पहाटे डोंगरावर पळवलं, चुकला की ओल्या टॉवेलनं पाठीवर मारलं, तापानं फणफणला तेव्हा उशाशी बसून राहिले.

अखेर जगज्जेतेपदाची लढत ठरली, जपानमध्ये. आणि दीड महिना आधी सरावात समोरच्या पोराचा अंगठा इस्योंगच्या डोळ्यात गेला.

"नोंग, डोळ्यात काहीतरी तरंगतंय," दोन दिवसांनी तो म्हणाला. "पाण्यात शाई सोडावी तसं."

"झोप झाली नसेल."

"झोपेचं नाही. कडेनं पडदा ओढत आणल्यासारखं वाटतंय."

बासिल्योंनी मुठीला गुंडाळायची पट्टी खाली ठेवली आणि दार लावून घेतलं. "कुणाला बोललास?"

"मिंडाला."

"आता आणखी कुणाला नको. दोंग, ऐक माझं. बारा वर्षं गेलीत या एका दिवसासाठी. एक लढत. जिंकलास की दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुला हाताला धरून डॉक्टरकडे नेतो. आईशपथ."

लाडानं ते त्याला दोंग म्हणायचे. त्या एका शब्दावर इस्योंग काहीही करायचा.

अडचण डोळ्यांच्या तपासणीची होती. त्या काळी ती नुसती अक्षरांच्या तक्त्यावर उरकत. बासिल्योंनी कुठूनसा तो तक्ता आणला आणि मिंडाच्या हातात दिला. मिंडा प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. तिनं तक्ता कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत उतरवला, भिंतीला लावला आणि नवऱ्याला शिकवायला बसली.

"चौथी ओळ?"

"पी... ई... सी..."

"चूक! हात पुढं कर." तिनं लाकडी पट्टी त्याच्या बोटांवर आपटली. "माझी पहिलीतली पोरं तुझ्यापेक्षा हुशार आहेत."

"तुझ्या पहिलीतल्या पोरांना म्हणावं, माझ्याशी एक फेरी लढून दाखवा."

दोघंही पोट धरून हसले. आठवडाभर घरात हाच खेळ चालला होता. पुढं मिंडाला सगळ्यात जास्त सलायचं ते हेच, की शिकवताना आपण हसत होतो.

तपासणीत इस्योंगनं सगळ्या ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. जपानमध्ये बारा फेऱ्या तो मान तिरकी करून, डावा डोळा पुढं ठेवून लढला. वार्ताहरांना वाटलं, ही त्याची नवी शैली. गुणांवर तो जिंकला. जगज्जेतेपदाचा पट्टा कमरेला बांधला तेव्हा बासिल्यो ओक्साबोक्शी रडत होते. त्याच्या गावानं मिरवणूक काढली, खेळाच्या पक्क्या, पत्र्याच्या मंडपावर त्याचं नाव रंगवलं, नगराध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून चार वेळा फोटो काढून घेतला.

डॉक्टरकडे मात्र जायचं राहिलं. आधी सत्कार होते. मग लढती भरवणाऱ्या प्रवर्तकानं पट्टा राखायची पहिली लढत ठरवूनच टाकली होती. "ही एक होऊ दे," बासिल्यो म्हणाले. मग दुसरी आली. मग तिसरी. प्रत्येक वेळी मिंडा तक्ता भिंतीला लावायची. आता हसत नव्हतं कुणीच.

"तुम्ही शपथ घेतली होती, नोंग," एकदा ती बोलली.

"मिंडा, जगज्जेता आहे तो. जगज्जेत्यानं दवाखान्यात पडून राहायचं?"

चौथ्या लढतीत ओसाकात एका पोरसवद्या खेळाडूला सहाव्या फेरीत कळलं की याला उजवीकडून येणारं काही दिसत नाही. मग तो तिकडूनच मारत राहिला. इस्योंगला ठोसे दिसले नाहीत, नुसते लागले. नवव्या फेरीत तो तोंडावर पडला. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यात दिवा धरला आणि विचारलं, "हा डोळा जाऊन किती वर्षं झाली?"

उजवा डोळा कामातून गेला होता. डाव्याचाही आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आकार दिसण्यापुरता तो वाचला. परवाना रद्द झाला आणि मनिलात बॉक्सिंग मंडळाची चौकशी बसली.

चौकशीच्या आदल्या दिवशी बासिल्यो दवाखान्यात आले. डब्यात आलं घातलेली भाताची गरम पेज होती. चमच्यानं त्यांनी ती त्याला भरवली. डबा रिकामा झाल्यावर म्हणाले, "उद्या विचारतील, बासिल्योला माहीत होतं का. नाही म्हण."

"पण मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मला माहीत आहे रे सांगितलं होतंस." म्हाताऱ्यानं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. "खरं बोललास तर जिमला कुलूप लागेल. सतरा पोरं उघड्यावर येतील. आणि अक्षरं कुणी पाठ करून घेतली, हे विचारल्याशिवाय राहतील? मिंडाला शाळेत ठेवतील? तुझं व्हायचं ते होऊन गेलंय, दोंग. आता बाकीच्यांना कशाला बुडवतोस?"

मिंडा दारात उभी होती. "मला बुडू दे," ती म्हणाली. "मी सांगते खरं."

"तू गप्प राहा," इस्योंग म्हणाला. लग्नाच्या नऊ वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं जबानी दिली, की डोळ्याचं दुखणं मी सगळ्यांपासून लपवलं, माझ्या प्रशिक्षकांपासूनही. कारकुनानं त्याचं बोट धरून सहीच्या रेघेवर टेकवलं. वर्तमानपत्रांनी मथळा दिला, 'ठक जगज्जेता'. गावच्या मंडपावरचं नाव पांढऱ्या रंगानं पुसलं. ज्या रंगाऱ्यानं ते लिहिलं होतं त्यालाच पुसायला लावलं. त्यानंच येऊन हे सांगितलं, वर माफीही मागितली.

मग इस्योंग गावात राहू लागला. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर तो नारळ सोलायचा. त्या कामाला डोळे फारसे लागत नाहीत, मनगट लागतं. बासिल्यो पहिल्या वर्षी दोनदा भेटून गेले. मग फोन यायचे. मग तेही थांबले. मिंडा काही बोलली की इस्योंग म्हणायचा, "कामात असतील. नवा पोरगा तयार करतायत."

तो नवा पोरगा वेल्मर पाकान्या. तेवीस वर्षांचा, शेजारच्याच गावचा, हात विजेसारखा. चार वर्षांनी त्याचीही जगज्जेतेपदाची लढत ठरली, अमेरिकेत. निघण्याआधी दोन्ही गावांच्या सामाईक चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना होती आणि बासिल्योंनी निरोप धाडला, माजी जगज्जेत्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवावा, फोटो चांगला येईल.

"ठक म्हणून नाव पुसलं, आणि आता फोटोला हवा होय?" मिंडा म्हणाली. पण इस्त्रीचा शर्ट तिनंच काढून दिला.

प्रार्थनेआधी पाद्र्याच्या खोलीत इस्योंग आणि वेल्मर दोघंच बसले होते. बाहेर बँड सूर जुळवत होता.

"नोंग इस्योंग," पोरगा हळूच म्हणाला, "तुमचं पहिल्यांदा कसं सुरू झालं होतं?"

"काय कसं सुरू झालं?"

"डोळ्याचं. म्हणजे... ठिपके तरंगायचे का?"

इस्योंगनं हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपला. पोरगा डावीकडं तोंड फिरवून बसला होता. "कधीपासून?"

"महिना झाला. डाव्या डोळ्यात. नोंग बासिल्योंना सांगितलंय. ते म्हणाले, एक लढत होऊ दे, मग स्वतः डॉक्टरकडे नेतो."

प्रार्थना झाली. फोटो निघाला. इस्योंगचा हात पोराच्या डोक्यावर होता आणि फोटो झाल्यावरही त्यानं तो उचलला नाही. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या असतील.

चर्चच्या मागच्या अंगणात त्यानं बासिल्योंना गाठलं. "त्याला नेऊ नका, नोंग."

"मी बहात्तर वर्षांचा आहे," बासिल्यो शांतपणे म्हणाले. "तुझ्या हातात पट्टा होता, आणि काय झालं? लोक ठक म्हणतात. माझ्या जिमचा एकही जगज्जेता लोक मानानं सांगत नाहीत. हा सांगतील."

"ठक मी कुणासाठी झालो?"

 म्हातारा काठी टेकत बँडच्या दिशेनं निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मिंडा आणि इस्योंग बोटीनं मनिलाला निघाले. तिथं पोचल्यावर मंडळाच्या कचेरीत ते अडीच तास बसून राहिले. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं दोघांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातून जुनी फाईल काढली.

"मिस्टर लाबिताद, ही सही तुमची?"

"असेल. मला दिसत नाही."

"इथं लिहिलंय, प्रशिक्षकांना काहीच माहीत नव्हतं. शपथेवर लिहिलंय. आता म्हणता, सगळं माहीत होतं. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"म्हणजे शपथेवर खोटं बोलू शकता तुम्ही," अधिकारी म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. तो नुसतं लिहून घेत होता.

मिंडा उठून उभी राहिली. "अक्षरं मी पाठ करून घेतली होती. मी शिक्षिका आहे. माझ्यावर करा काय कारवाई करायची ती."

"मॅडम, तुम्ही त्यांची बायको आहात," तो म्हणाला आणि फाईल मिटली. "तरी मी चौकशी करतो."

त्यानं चौकशी केलीही. आठ दिवसांनी त्याची प्रत घरी आली. मिंडानं वाचून दाखवली. वेल्मरनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, मी असं कुणाला बोललो नाही, आणि नोंग इस्योंग यांना माझं यश बघवत नाही याचं मला दुःख वाटतं. सोबत तपासणीचा दाखला होता. सगळ्या ओळी बरोबर.

"तोंडावर खोटं!" मिंडा कागद चुरगाळत म्हणाली. "स्वतःहून सांगितलं ना त्यानं?"

"मी काय केलं असतं त्याच्या जागी?" इस्योंग म्हणाला. "हेच लिहिलं असतं. अक्षर तुझं असतं एवढंच."

मिंडाला शाळेतून काढलं नाही. साधी विचारणाही झाली नाही. शिक्षा करण्याइतकासुद्धा कुणी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

गावात मात्र गोष्ट पसरली. बाजारात मासळीवाली मिंडाला मासे देताना म्हणायची, "तुमच्या साहेबांना सांगा, जळून जळून उरलेला डोळाही जाईल." पोरं कुंपणावरून दगड टाकून पळायची. नारळाचा व्यापारी इस्योंगशी बोलायचा बंद झाला. नारळ तेवढे पाठवायचा.

लढत अमेरिकेत शनिवारी रात्री होती, म्हणजे इकडं रविवारी सकाळी. प्रार्थना उरकून सारा गाव मंडपातल्या पडद्यासमोर बसला. इस्योंग घरी ओसरीवर बसून होता. समालोचन कर्ण्यावरून तिथवर ऐकू येत होतं. तो ऐकत होता आणि नकळत त्याचे खांदे हलत होते. तिसऱ्या फेरीत समालोचक म्हणाला, "पुन्हा उजवा ठोसा! वेल्मरच्या डाव्या गालावर!" पाचवीत पुन्हा तेच. सातवीत पुन्हा.

"बस कर, आत चल," मिंडा म्हणाली.

"उजवीकडं फिर," तो पुटपुटला. "गाढवा, उजवीकडं फिर. डोळा वाचव."

तो हरावा असं त्याला मनापासून वाटत होतं. लवकर हरावा, दुसऱ्याच फेरीत हरायला हवा होता, म्हणजे काहीतरी वाचलं असतं. आणि हे वाटत असताना तो पोराला जिंकण्याचे डावही सांगत होता. दहाव्या फेरीत वेल्मरचा डावा हात लागला आणि समोरचा खाली गेला तो उठलाच नाही. मंडपातून असा आवाज उठला की झाडावरची कावळ्यांची रांग उडाली. चर्चची घंटा वाजू लागली. मिंडानं बघितलं तर इस्योंगच्या दोन्ही मुठी वर गेल्या होत्या. त्यालाही ते जरा उशिरानंच कळलं. त्यानं हात खाली घेतले.

पंधरा दिवसांनी मिरवणूक आली. उघड्या ट्रकवर वेल्मर, कमरेला पट्टा, शेजारी खुर्चीत बासिल्यो, गळ्यात फुलांच्या माळा. ट्रक इस्योंगच्या घरावरूनच जाणार होता. मिंडा म्हणाली, दार लावून घेऊ. इस्योंग म्हणाला, नको, उभे राहू, नाहीतर खरंच जळतो म्हणतील. दोघं रस्त्याच्या डाव्या कडेला उभे राहिले.

ट्रक जवळ आला. बासिल्योंनी त्यांना बघितलं आणि मान खाली घातली. ट्रक पुढं गेला. बँडचा आवाज वळणापलीकडं विरला.

"वेल्मरनं बघितलं आपल्याकडं?" इस्योंगनं विचारलं.

"नाही. सगळा वेळ पलीकडच्याच बाजूला हात हलवत होता."

"रागावलाय. मी तक्रार केली ना त्याच्याविरुद्ध."

मिंडानं त्याचा दंड धरला. मग म्हणाली, "आपल्या बाजूनं, म्हणजे त्याच्या डावीकडून, शेजारच्या म्हातारीनं त्याला फुलांची माळ फेकली. गालावर आपटेपर्यंत त्याला कळलं नाही. केवढ्यानं दचकला. मूठ उगारली त्यानं."



"पुढची लढत कधी आहे?" इस्योंगनं विचारलं.

"डिसेंबरात. ट्रकवरच्या फलकावर लिहिलं होतं."

"आज कुठला महिना?"

"ऑगस्ट."

तो बोटांवर महिने मोजत राहिला. रस्त्यावर तुडवलेली फुलं पडली होती. पलीकडची माणसं हसत, वेल्मरच्या नावानं ओरडत घरी परतत होती आणि जाता जाता त्या दोघांकडं वळून बघत होती.