एका पेटीत चार मशिनी

खंडेनवमीला आमच्या मारेगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चार खाती आपापल्या सर्व्हरला हार घालतात. चार सर्व्हर, चार नारळ. आणि यंदा शीलाआत्याने, म्हणजे जिनिंगचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माझ्या आत्याने, चौघांच्या जागी एकच मोठी पेटी आणून ठेवली!

त्या पेटीत सॉफ्टवेअरने केलेल्या चार मशिनी होत्या. एक झोपली तरी बाकीच्या जाग्या. त्यासाठी आत्याने दोन सॉफ्टवेअर महिनाभर चालवून पाहिली आणि चकचकीत होतं तेच नाकारलं. का? तर ते अडलं की दर वेळी नागपूरहून माणूस बोलवा! भाव पडलेले, शेतकरी आधीच तापलेले, त्यात वजनाची पावती अडली तर गेटवर मारामारीच.

अध्यक्ष सदाशिवराव म्हणाले, "चारही खाते हो म्हणत असतीन तं ठेवू. नाही तं उद्या जुने सर्व्हर परत लावा." आत्याची सहा महिन्यांची मेहनत त्या 'हो'वर टांगलेली.

"आता नारळ एकच, तो मी फोडीन," वजनकाट्यावरचे घनश्यामकाका म्हणाले. "कापूस माह्या मशीनवर तुलते."

"अन् गोदामाची मशीन का सावत्र हाय?" भीमसिंगकाका उसळले.

"पण माही मशीन हाय कुठी? दिसतच नाही तं हार कोणाले घालू, शीलाताई?" घनश्यामकाका पेटीभोवती फिरत म्हणाले.

आत्या समजावत होती, ऐकतंय कोण! पेटीवर चार हिरवे दिवे लुकलुकत होते. मी पटकन त्यांच्याखाली चार चिठ्ठ्या चिकटवल्या. काटा, खरेदी, हिशेब, गोदाम. "हा घ्या काका, तुमचा!"

आत्याने डोळे वटारले. पण घनश्यामकाका खूश! जेमतेम मिनिटभर.

"भीमसिंगचा दिवा जास्त लुकलुकून राह्यला. त्याले करंट जास्त देता का? त्याची बंद करा. माही चालली तं मानतो."

आत्याने स्क्रीनवरून गोदामाची मशीन बंद केली. घनश्यामकाका काट्याकडे पळाले आणि ताजी पावती नाचवत आले. "चालू हाय!"

"माही बंद हाय तं दिवा लुकलुकते काहून?" भीमसिंगकाकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"ते... डिस्कचे दिवे आहेत," मी म्हणाले. "मशीन डोळ्यांना दिसत नाही काका. पण पावती दिसली ना?"

भीमसिंगकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग आता घनश्यामची बंद करा."

मग काय! जो तो दुसऱ्याची बंद करायला सांगू लागला. आत्या एक बंद करायची, बाकीच्या तीन चालायच्या. या मजेत जुने सर्व्हर कुणी मागितलेच नाहीत.

"यात माही कोणती?" सदाशिवरावांनी हळूच विचारलं.

आत्या खुर्चीवर बसली आणि चहा येईपर्यंत तिने पाचवी मशीन उभी केली. नाव दिलं 'अध्यक्ष'.

"हे काय काम करते?" सदाशिवरावांनी विचारलं.

"अजून काहीच नाही," मी म्हणाले. आत्याने माझ्या पायावर पाय दिला.

सदाशिवराव मात्र फुलून गेले. "हिले सगळ्यात वर ठेवा. अन् ते जुने चारही डबे उचला इथून!"