एक घर, एक नळ

रुपालीने आयुष्यात एकच शहाणपणाचं काम केलं आणि नेमकं तेच तिच्या अंगाशी आलं. नवरा, मनीष, गेल्यावर वर्षभर महापालिकेच्या झोन ऑफिसात खेटे घालून तिने स्नेहलतागंजातल्या घराचा मागचा हिस्सा आपल्या नावावर वेगळा करून घेतला. दोन खोल्या आणि मालमत्ता कराचं स्वतंत्र खातं. आपल्यामागे पोरीला, अनुश्रीला, कुणी बाहेर काढू नये, एवढाच हेतू.

नळ मात्र पुढच्या हिश्श्यात, थोरले दीर प्रतापरावांच्या नावाचा. तिथून निघालेल्या पाइपाने एक दिवसाआड नर्मदेचं पाणी तिच्याकडे यायचं, आणि त्या पाण्यावर भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासवाल्या मुलांचे बावीस डबे शिजायचे.

मार्चमध्ये पाणीखात्याचा इन्स्पेक्टर तपासणीला आला. त्याने दोन खाती पाहिली, एक पाइप पाहिला.

"मॅडमजी, प्रॉपर्टी अलग, तो कनेक्शन भी अलग. एक नल दो घर में नहीं चलेगा. आठ दिन में कटेगा."

"मग मला नवीन द्या ना, भिया."

"दे देंगे. पर लाइन इनके आंगन से जाएगी. इनकी सहमति लाओ."

प्रतापराव दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्यांनी तिला चहा पाजला.

"अंगणात आत्ताच टाइल्स बसवल्या बेटा, फोडणं काही जमणार नाही," ते म्हणाले. "त्यापेक्षा खातं पहिल्यासारखं एक करून टाक. घर एकच म्हटलं की टेन्शन खतम. मी काय तुला काढणार आहे का?"

"पण दादा, अनुचं..."

"अनु काय परकी आहे?"

नवव्या दिवशी पाइप कापला गेला. टँकर गल्लीत शिरेना. चौकातल्या बोरिंगवरून बादल्या वाहून रुपालीची कंबर धरली. भाजीला बोरिंगचा खारटपणा येऊ लागला, तशी मुलं एकेक करून गळाली. महिन्याभरात डबे नऊवर आले. मग तिने अर्जावर सही केली. दोन्ही हिस्से एकच मालमत्ता, खातेदार प्रतापराव, आणि हे सगळं ती राजीखुशीने करते आहे, असं त्यात छापलेलंच होतं.

बुधवारी पाइप पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा तिने घरातली वाटीसुद्धा भरून ठेवली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

रविवारी प्रतापरावांचा मुलगा यशवर्धन आत आला. डिसेंबरात त्याचं लग्न होतं. हातात टेप होता.

"काकू, ही मधली भिंत काढली तर हॉल मस्त निघेल, नाही?"

रुपालीला ओरडावंसं वाटलं, हे माझं घर आहे. पण तसं नाही हे तिनेच लिहून दिलं होतं. आणि उद्या पाण्याचा दिवस होता.

अनुश्री त्या भिंतीला टेकून दहावीचं गणित सोडवत होती. तिने आईकडे पाहिलं.

"अनु, जरा सरक बाळा," रुपाली म्हणाली. "यशदादाला माप घेऊ दे."