अंगाजवळचा चेंडू

आमची लेक सोलेन फ्रान्सच्या सॉफ्टबॉल संघात पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. त्याआधी गावच्या पोरांबरोबर बेसबॉल, तो अमेरिकन खेळ, खेळून वाढली. चौकात लोखंडी गोळे खेळणारे म्हातारे मला अजून विचारतात, "काय गं नादेज, तुझी अमेरिकन काय म्हणते?" मी म्हणते, "तुमच्यासारखे गोळे लोळवत नाही, एवढं नक्की."

तोंडाने मी अशी शूर. आतून भित्री. कोंबडी कापायची तरी तोंड फिरवते. लेकीचा सामना मी जाळीमागून, डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून पाहते.

वसंतात प्रागच्या सामन्यात मला ज्याची भीती होती तेच झालं. सोलेनचा चेंडू समोर बॅट घेऊन उभ्या मार्केता नावाच्या चेक पोरीच्या गालावर, हेल्मेटच्या खाली बसला. हाडाचा तो आवाज मला जाळीपर्यंत ऐकू आला. पोरगी बरी झाली, तिने स्वतःच सोलेनला हसरा फोटो पाठवला. पण आमच्या पोरीच्या हातातला जीव गेला. बॅटरच्या अंगाजवळून चेंडू काढायला गेली की तो लांब बाहेरून जायचा. अशा पिचरला कोण भीक घालतं? समोरच्या पोरी पुढे सरकून खुशाल ठोकतात. प्रशिक्षिकेने सांगितलं, "रविवारी निवड आहे. तेव्हाही बाहेरच टाकलंस तर युरोपच्या स्पर्धेला दुसरी जाईल."

शनिवारी ती घरी आली. सफरचंदाच्या कोठीच्या भिंतीला जुनी गादी टांगून टाकत बसली. प्रत्येक चेंडू हवा तिथे.

"अगं, जमतंय की!" मी म्हटलं.

"गादीला गाल नसतो, आई."

"मग मी उभी राहते."

माझ्याच तोंडून हे कसं निघालं, देव जाणे. "वेड लागलंय का तुला?" ती ओरडली. तोवर मी स्कूटरचं हेल्मेट चढवलं होतं, नवऱ्याचा जाड कोट घातला होता आणि बॅट घेऊन गादीपुढे उभी होते. अंतर केवढंसं!

चेंडू आला, हातभर लांबून. दुसरा त्याहून लांब.

"यापेक्षा तुझी आजी बरी टाकेल," मी म्हटलं.

"हात ऐकत नाही गं."

"मग त्याला दटाव!"

पुढचा चेंडू सरळ माझ्या बरगडीत. मी खाली बसले ती श्वासच येईना. सोलेन धावत आली, पांढरीफटक. "मारलं मी तुला. बस, संपलं. मी सोडते खेळ."

घरात जाऊन आडवं पडावं असं फार वाटलं. पण आत्ता मी आत गेले तर ही पुन्हा चेंडू हातात धरायची नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बॅटच्या आधाराने मी उठले. मघाशी नुसती भीती होती, आता दुखतं किती तेही ठाऊक होतं.

"जा जागेवर."

"आई, नको ना."

"टाक म्हणते ना!"

ती रडत रडत मागे गेली. हात गर्रकन फिरला. मी डोळे गच्च मिटले. कोटाच्या बटणांवरून वारा गेला आणि मागे गादी धपकन वाजली. डोळे उघडले तर ती नाक पुसत दुसरा चेंडू उचलत होती.

रविवारी मला जाववलं नाही, खोकला आला की बरगडीने जीव जायचा. संध्याकाळी तिचा फोन आला. "घेतलं," एवढंच म्हणाली आणि हुंदका दिला.

स्पर्धेत पहिलाच सामना डच पोरींशी. शेवटच्या डावात एक उंच पोरगी पुढे सरकून उभी राहिली. सोलेनने थोडा वेळ घेतला. मला कळलं, ती आता कुठे टाकणार. एक हात बरगडीवर, दुसऱ्याने जाळी घट्ट धरलेली. डोळे झाकायला हातच उरला नव्हता. मी त्या परक्या पोरीला पुटपुटत सांगत होते, "हलू नकोस गं बाई. माझी लेक तुला लागू देणार नाही."